तालुक्याच्या गावातील जुने डाकघर : इमारतीचे वय कसे ठरवावे आणि तिची रचना कशी वाचावी?

कवेलू (धागाकर्ती)

वर्धा नदीच्या पश्चिमेला, म्हणजे जुन्या वऱ्हाडाच्या हद्दीत, आमचे तालुक्याचे गाव आहे. गावाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण इमारतीच्या दुरुस्तीचा प्रस्ताव सध्या विचाराधीन आहे आणि ही चर्चा कोणाच्या विरोधात जाऊ नये असे मला वाटते. बाजाराच्या तोंडाशी जुने डाकघर आहे आणि ते आजही चालू आहे. गावातली जुनी माणसे त्याला ‘इंग्रजांचा खजिना’ म्हणतात. काहीजण तर १८५७ च्या आधीची इमारत असल्याचे ठामपणे सांगतात. त्यावर कोनशिला नाही, कमानीवर वर्ष कोरलेले नाही, आणि कार्यालयातही जुना नकाशा उपलब्ध नाही.

जे दिसते ते असे. घडीव काळ्या दगडाचे जोते जमिनीपासून साधारण अडीच फूट उंच आहे. समोर पाच कमानींची छपरी असून तिच्यामागे एकच लांबट दालन आहे. भिंती भाजलेल्या विटांच्या, चुन्यातल्या आणि जवळपास दोन फूट जाडीच्या आहेत. दालनावर सागवानी कैच्या, म्हणजे छपराचे त्रिकोणी सांगाडे, आणि मंगलोरी कौले आहेत, तर मागच्या निवासी खोल्यांवर आपल्याकडची नळीची कवेलू. छपरीच्या पूर्व टोकाला एक लहान खोली आहे, तिला ‘तारखोली’ म्हणतात. दालनाच्या एका कोपऱ्यात लोखंडी तिजोरी भिंतीतच बसवलेली आहे आणि त्या कोपऱ्याला लागूनच पोस्टमास्तरांच्या घरात जाणारे दार आहे.

माझे प्रश्न दोन आहेत. अशा इमारतीचा काळ कागदाशिवाय कितपत ठरवता येतो? आणि पत्रे वाटणाऱ्या कार्यालयाला एवढ्या जाड भिंतींची, तिजोरीची आणि आत उघडणाऱ्या घराची गरज का पडावी?

शिक्कासंग्रह

पहिल्या प्रश्नाची एक बाजू इतिहासाने लगेच आवळता येते. वऱ्हाड निजामाकडून कंपनीच्या कारभारात आले ते १८५३ च्या तहाने, आणि नागपूरचे भोसल्यांचे राज्य खालसा झाले १८५४ मध्ये. हिंदुस्थानात डाक खाते एका महासंचालकाच्या हाताखाली एकत्र आले, आणि अंतर कितीही असले तरी पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा हा एकच दर लागू झाला, तेही १ ऑक्टोबर १८५४ पासून. त्यामुळे १८५७ पूर्वी वऱ्हाडातल्या एका बाजारगावी सरकारने डाकघरासाठी पक्की इमारत उभारली असेल, ही गोष्ट फारच अवघड वाटते. त्या काळात अशा ठिकाणची डाक बहुधा एखाद्या भाड्याच्या खोलीत किंवा तहसिलीच्या कोपऱ्यात चालत असे.

येथे एक भेद स्पष्ट ठेवावा अशी विनंती आहे. डाकघराचे वय आणि डाकघराच्या इमारतीचे वय या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. जुन्या पोस्टकार्डांवरचे तारखेचे शिक्के पाहून त्या नावाचे कार्यालय अमुक वर्षी चालू होते एवढे सिद्ध होते, ते कोणत्या छपराखाली होते हे सिद्ध होत नाही. आजही देशात दीड लाखाहून अधिक डाकघरे आहेत, पण खात्याच्या स्वतःच्या मालकीच्या इमारतीत चालणारी काही हजारच. बाकीची भाड्याच्या जागेत किंवा ग्रामीण डाकसेवकाच्या घरच्या ओसरीत चालतात. म्हणून भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका आणि सर्वात जुना उपलब्ध नगरभूमापन नकाशा आधी मिळवावा. मध्य प्रांत आणि वऱ्हाडची जिल्हा गॅझेटिअरे १९०६ ते १९११ या वर्षांत मोठ्या प्रमाणावर निघाली, त्यांतही डाक व तार यांवरील मजकूर असतो. त्यात आपल्या गावाचा उल्लेख आहे किंवा नाही, यावरून निदान कार्यालयाचा एक टप्पा निश्चित होईल.

निवृत्त उपडाकपाल

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो, कारण माझी बरीच नोकरी अशाच इमारतींमध्ये झाली.

डाकघर म्हणजे पत्रे, ही समजूत शहरातल्या माणसाची. कापूसपट्ट्यातल्या तालुक्याच्या डाकघराचा मुख्य व्यवहार पैशाचा होता, आणि इमारतीची रचना त्या व्यवहारावरूनच ठरलेली आहे. पोस्टकार्ड पाव आण्यात मिळू लागले ते १८७९ मध्ये. त्याच्या पुढच्याच वर्षी, १८८० मध्ये, मनीऑर्डरचे काम सरकारी कोषागारांकडून डाक खात्याकडे आले. १८८२ पासून देशभरच्या डाकघरांत बचत बँक सुरू झाली. व्हीपी, म्हणजे माल हाती पडल्यावर पैसे घेण्याची सोय, त्याआधीच १८७७ मध्ये आली होती. अवघ्या पाच वर्षांत पत्र पोचवणारे कार्यालय लोकांचे पैसे सांभाळणारे कार्यालय झाले, आणि ज्या गावात बँकेची शाखा येण्यास अजून कितीतरी दशके लागणार होती तेथे शेतकऱ्याला किंवा मजुराला सरकारदरबारी पैसे ठेवण्याची ती एकमेव जागा होती. त्याआधी मोठ्या रकमा हुंडीने फिरत. नोट टपालाने पाठवायचीच झाली तर ती मधोमध कापून दोन अर्धे वेगवेगळ्या डाकेने पाठवण्याची पद्धत होती, म्हणजे एक थैली लुटली गेली तरी चोराच्या हाती निम्माच कागद लागे.

आता आपल्या इमारतीकडे पाहा. कापसाच्या हंगामात, दिवाळीनंतरच्या काही महिन्यांत, तिजोरीतली रोकड वाढत असे. लहान डाकघरात रात्रीचा स्वतंत्र पहारा परवडत नसे. म्हणून पोस्टमास्तराला कार्यालयाला लागूनच बिऱ्हाड द्यायचे आणि तिजोरी त्याच्या दाराशेजारी ठेवायची, ही व्यवस्था खात्याने ठिकठिकाणी केली. ते बिऱ्हाड सोय म्हणून दिलेले असले तरी ती नोकरीची अटही होती. पोस्टमास्तरांच्या घरच्यांना रजेच्या दिवशीही गाव सोडून जाताना विचार करावा लागे, हे मी स्वतः अनुभवले आहे, पण तो विषय वेगळा.

समोरच्या छपरीचेही असेच आहे. आत फक्त कर्मचारी बसत. लोक छपरीत उभे राहत आणि गजाच्या खिडकीतून व्यवहार होई. म्हणून अशा इमारतींत छपरी दालनाच्या मानाने मोठी दिसते. बाजाराच्या दिवशी तेथेच पत्रलेखक पथारी टाकून बसत, मनीऑर्डरचे फॉर्म भरून देत, अंगठा उठवून घेत. पाच कमानी शोभेसाठी काढलेल्या नाहीत. उन्हात आणि पावसात रांगेला सावली हवी होती, आणि कमान ही लोखंडी तुळईशिवाय रुंद खण काढण्याची त्या काळची सर्वात स्वस्त पद्धत होती. तिजोरी आणि ही छपरी पाहूनच लोकांनी ‘खजिना’ हे नाव पाडले असावे. ते फारसे चुकीचेही नाही.

चुनाविटा

उपडाकपाल साहेबांनी नकाशाचे उत्तर दिले, मी साहित्याबद्दल लिहितो.

मंगलोरी कौले हा काळ ठरवण्याचा उपयोगी पुरावा आहे, मात्र तो जपून वापरावा. बासेल मिशनने मंगळूर येथे कौलांचा कारखाना १८६५ मध्ये काढला. आपल्या भागात ती कौले सोयीने येऊ शकली ती रेल्वेमुळे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरला पोचली १८६७ मध्ये. जालंबहून खामगावचा फाटा १८७० मध्ये आणि बडनेऱ्याहून अमरावतीचा फाटा १८७१ मध्ये सुरू झाला. म्हणजे त्या कौलांचे छप्पर त्यानंतरचे. परंतु छप्पर नंतरचे असले म्हणून भिंती नंतरच्या ठरत नाहीत. दर पावसाळ्याआधी कवेलू फेरावी लागतात, माकडे ती फोडतात, आणि केव्हातरी कंटाळून खाते संपूर्ण पाखे बदलून टाकते. मागच्या खोल्यांवर अजून नळीची कवेलू आहेत यावरून कदाचित सगळ्या इमारतीवर आधी तीच होती आणि फक्त दालनाचे छप्पर बदलले, असाही अर्थ निघतो. कैचीच्या सांध्यांवर जुन्या रिपांच्या खिळ्यांची भोके दोन वेगवेगळ्या अंतरांवर दिसली तर हा संशय पक्का होईल. कौलाच्या खालच्या अंगावर कारखान्याचे नाव उमटवलेले असते, तेही उतरवून घ्यावे.

काळा दगड येथलाच. वऱ्हाडाचा बहुतेक भाग दख्खनच्या बेसाल्टवर बसलेला आहे, तर चंद्रपूरकडे गेलात की वालुकाश्म हाताशी येतो. जोत्याला दगड आणि वर विटा हा हिशेबी तोडगा आहे. काळा दगड घडवणे महाग असल्यामुळे जेथे काळ्या मातीची ओल चढते आणि पावसाचे शिंतोडे बसतात तेवढ्याच उंचीपर्यंत तो वापरायचा, आणि पुढे विटांवर यायचे. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे पायाही खोल घ्यावा लागतो. चुन्यात सुरखी, म्हणजे विटांची पूड, मिसळून चुन्याच्या घाणीवर मळलेला मसाला या हालचालीला थोडा सामावून घेतो. सिमेंट तसे करत नाही.

शैलीच्या नावांबाबत मात्र हात आखडता घ्यावा. समाजमाध्यमांवर प्रत्येक कमानीला ‘गॉथिक’ आणि प्रत्येक जुन्या सरकारी इमारतीला ‘व्हिक्टोरियन’ म्हणण्याची चाल पडली आहे. मुंबईच्या मुख्य डाकघराला शैली आहे, कारण त्याला वास्तुविशारद होता. जॉन बेग यांनी ते विजापूरच्या गोल घुमटाचा आदर्श समोर ठेवून रचले, काम १९०४ मध्ये सुरू झाले आणि १९१३ मध्ये संपले, काळ्या बेसाल्टच्या जोडीला कुर्ल्याचा पिवळा आणि ध्रांगध्र्याचा पांढरा दगड आणला गेला आणि खर्च अठरा लाखांवर गेला. आपल्या तालुक्याचे डाकघर बांधणाऱ्या अभियंत्याने बहुधा बांधकाम खात्याचा एक ठरीव नकाशा घेतला, दगड आणि लाकूड जवळून कोठून मिळेल ते पाहिले आणि अंदाजपत्रकात बसेल तेवढेच केले. या इमारतीचे मोल तिच्या काटकसरीत आहे, आणि ते ओळखण्यासाठी तिला मोठ्या घराण्याची नातेवाईक ठरवण्याची गरज नाही.

जिनिंगवाला

एक शंका विचारतो. आमच्या भागात सरकी काढण्याच्या कारखान्यांच्या मालकांनी बांधलेल्या इमारती सरकारी कचेऱ्यांना भाड्याने दिल्याची उदाहरणे ऐकिवात आहेत. ही इमारत मुळात एखाद्या व्यापाऱ्याची पेढी असून नंतर डाक खात्याने घेतली नसेल कशावरून? तिजोरी तर पेढीलाही लागतेच.

चुनाविटा

शंका योग्य आहे आणि तिचा निकाल जागेवर लावता येतो. पत्रपेटीचे तोंड भिंतीत कोठे आहे ते पाहा. इमारत डाकघर म्हणूनच बांधली असेल तर त्या फटीच्या दोन्ही कडांना अखंड विटा येतात, वर लहानशी कमान किंवा दगडी पट्टी असते आणि विटांचे थर तिच्याभोवती न तुटता जुळतात. भिंत नंतर फोडून तोंड काढले असेल तर कडांना तुटक्या विटा दिसतात आणि त्या झाकण्यासाठी वेगळ्या मसाल्याचा गिलावा केलेला असतो. तिजोरीच्या कोनाड्यालाही हीच कसोटी लावा. शिवाय वऱ्हाडातल्या व्यापाऱ्याची पेढी बहुधा वाड्याच्या अंगाने वाढते, म्हणजे मध्ये चौक, रस्त्याकडे ओटा आणि वर माळा. धागाकर्तींच्या वर्णनात चौकही नाही आणि माळाही नाही.

कवेलू (धागाकर्ती)

आपण सांगितल्याप्रमाणे पाहून आले. पोस्टमास्तरांनी परवानगी दिली, त्यांचे आभार.

पत्रपेटीच्या तोंडावर विटांची छोटी कमान आहे आणि थर दोन्ही बाजूंना सरळ जुळतात. तिजोरीच्या कोनाड्याचेही तसेच आहे. मात्र एक वेगळी गोष्ट लक्षात आली. पूर्वेची ‘तारखोली’ आणि मुख्य दालन यांच्या भिंती एकमेकींत गुंतलेल्या नाहीत. जोत्यापासून वरपर्यंत एक उभी सरळ फट दिसते, आणि तारखोलीच्या विटा दालनाच्या विटांपेक्षा उंचीला थोड्या जास्त आहेत. छपरीला पाच कमानी दिसत असल्या तरी सहाव्या कमानीचा अर्धा पाय त्या खोलीच्या भिंतीत बुजलेला आहे.

शिक्कासंग्रह

ही फार मोलाची नोंद आहे. म्हणजे मूळ इमारतीला सहा कमानी होत्या, आणि तारखोली नंतर एका कमानीचा खण अडवून बांधली गेली. कापसाच्या व्यापाऱ्याला तारेची गरज पत्रापेक्षा अधिक होती, कारण मुंबईचा भाव त्याच दिवशी कळला तर सौद्याला अर्थ होता. आधी डाक आणि तार ही दोन स्वतंत्र खाती होती. १८८० नंतरच्या दशकात लहान गावी एकाच छताखाली दोन्ही कामे करणारी संयुक्त कार्यालये निघू लागली, आणि १९१४ मध्ये दोन्ही खाती एकाच महासंचालकाखाली आली. त्यामुळे मुख्य दालन तारेच्या आधीचे आणि खोली तार गावात आल्यावरची, असा क्रम लावता येतो. तारेचे यंत्र वेगळ्या खोलीत ठेवण्याचे कारणही साधे होते. मोर्सचा टकटकाट ऐकून लिहून घ्यावा लागे आणि बाजाराच्या गलक्यात ते अशक्य होते.

एकंदरीत, १८८० ते पहिले महायुद्ध या काळातले दालन आणि त्यानंतर केव्हातरी जोडलेली तारखोली, एवढे म्हणण्यास हरकत नसावी. त्याहून नेमके वर्ष मिळकत पत्रिकेशिवाय लिहू नये. तारसेवा तर जुलै २०१३ मध्ये देशभर बंदच झाली.

वर्धाकाठ

जागेबद्दल थोडे. डाकघर स्थानकाजवळ न ठेवता बाजाराच्या तोंडाशी का, असा प्रश्न बाहेरचे लोक विचारतात. वऱ्हाडातल्या बहुतेक बाजारगावांना रेल्वे मिळालीच नाही, किंवा फार उशिरा अरुंद मापाची मिळाली, जशी मूर्तिजापूर–यवतमाळ किंवा मूर्तिजापूर–अचलपूर. डाक मोठ्या मार्गावरच्या स्थानकावर उतरायची आणि तेथून पुढे हलकारा, दमणी (हलकी बैलगाडी) किंवा टांगा, आणि नंतरच्या काळात मोटार. थैलीला लाखेचा शिक्का असे आणि हलकाऱ्याच्या हातात घुंगरू बांधलेला भाला. अशा डाकेला रेल्वेशी जवळीक असून नसून सारखीच, तिला लोकांशी जवळीक हवी होती.

विदर्भातल्या डाकेची एक हकिगत येथे सांगण्यासारखी आहे. गांधीजी १९३६ मध्ये वर्ध्याजवळच्या सेगावला राहायला गेले, आणि त्यांची पत्रे वारंवार बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावला जाऊ लागली, कारण शेगाव मुख्य लोहमार्गावरचे मोठे स्थानक. शेवटी १९४० मध्ये गावाचे नावच सेवाग्राम केले गेले. आणि १९४२ च्या ऑगस्टमध्ये आष्टी–चिमूरच्या उठावाच्या दिवसांत डाकघर आणि तारेचे खांब हे सरकारचे सर्वात जवळ दिसणारे रूप असल्याने देशभर लोकांचा रोष त्यांच्यावर गेला. धागाकर्तींनी आपल्या इमारतीत जळल्याच्या किंवा दारे बदलल्याच्या खुणा आहेत का, हेही पाहावे.

कवेलू (धागाकर्ती)

जळल्याची खूण दिसली नाही. आता दुरुस्तीबद्दल विचारते. प्रस्तावात भिंतींना आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा, खाली चकचकीत टाइल आणि दालनाला खोटे छत असल्याचे ऐकले. लाकडी गजाची जुनी खिडकी तर आधीच्या नूतनीकरणात गेली.

निवृत्त उपडाकपाल

ते बहुधा २००८ नंतर डाकघरांच्या आधुनिकीकरणाच्या ‘प्रोजेक्ट ॲरो’ मध्ये झाले असेल. त्या योजनेने कामकाज खरोखर सुधारले, लोकांना बसायला जागा मिळाली, संगणक आले. पण सर्व काउंटर एकाच साच्याचे करताना जुने सागवानी काम कितीतरी ठिकाणी भंगारात गेले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. जुन्या इमारतीत काम करणाऱ्याला उजेड, पंखा आणि गळके छप्पर दुरुस्त होणे हवे असते, हे वारसा जपणाऱ्यांनी विसरू नये.

इमारतीची मालकी, बांधकामाचे वर्ष आणि नकाशा यांची प्रत विभागीय डाक अधीक्षकांच्या कार्यालयाकडे माहितीच्या अधिकारात मागता येईल. दहा रुपयांचे शुल्क पोस्टल ऑर्डरने भरता येते आणि ती त्याच काउंटरवर मिळते.

चुनाविटा

सिमेंटच्या गिलाव्याला लेखी हरकत घ्यावी आणि कारण तांत्रिक द्यावे, भावनिक नव्हे. चुन्यातली भिंत जमिनीतून थोडी ओल ओढते आणि पृष्ठभागातून ती बाहेर सोडते. बाहेरून सिमेंटचा घट्ट थर दिला की ओल आत अडकते, वर चढते, क्षार घेऊन येते आणि चार-सहा पावसाळ्यांत विटेचा चेहरा पापुद्र्यासारखा सुटू लागतो. मग लोक म्हणतात की जुनी इमारत ‘खराब झाली’, आणि पाडण्याचा प्रस्ताव येतो. जेथे गिलावा पडला आहे तेथे चुना-सुरखीचाच द्यावा, आणि उघड्या विटांमधल्या दरजाही, म्हणजे सांध्यांच्या फटीही, चुन्यानेच भराव्यात.

खोट्या छताचे नुकसान त्याहून लवकर कळेल. विदर्भातल्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. उंच दालन, आढ्याजवळचे झरोके आणि समोरासमोरची दारे यांतून गरम हवा वर निघून जाते. नऊ फुटांवर छत बसवले की ती हवा कौलांखाली कोंडते, झरोके निरुपयोगी होतात, आणि वातानुकूलन यंत्र लावावे लागते. विजेचे बिल किती वाढेल याचा अंदाज अर्जात मांडला तर तो अधिकाऱ्यांना पटण्याची शक्यता अधिक.

कायद्याच्या संरक्षणावर मात्र फार भिस्त ठेवू नये. इमारत शंभर वर्षांची झाली म्हणून ती आपोआप संरक्षित होत नाही, तिची अधिसूचना निघावी लागते. नागपूर शहरात वारसा यादी आहे, तालुक्याच्या गावांत बहुधा तशी यादीच नसते. त्यामुळे प्रस्ताव मंजूर होण्याआधीच मोजमापे, छायाचित्रे आणि त्या उभ्या फटीचे रेखाटन यांची एक फाइल तयार करून विभागीय कार्यालयाला आणि नगरपंचायतीला द्यावी. बुजलेल्या सहाव्या कमानीचे रेखाटन त्यात सर्वात वर लावावे.

आणि पावसाळ्याआधी एवढे एक काम करून घ्यावे : छपरीच्या आणि दालनाच्या पाख्यांमधली पन्हळ साफ करून तिचा उतार तपासावा. आपल्या वर्णनावरून पूर्वेकडचे पाणी तारखोलीच्या सांध्यावरच पडत असणार, आणि ती फट रुंदावण्याचे कारण पाया नसून ते पाणीच असण्याची शक्यता मला जास्त वाटते.